दोन टाक्यांचा फरक

माझ्या नवऱ्याच्या स्वेटरची उजवी बाही डाव्या बाहीपेक्षा दोन बोटे लांब आहे. डावी बाही विणत होते तेव्हा ऑफिसात वर्षअखेरीचे हिशेब चालू होते आणि प्रत्येक टाका मी कुणाचा तरी गळा आवळल्याच्या आवेशाने आवळत होते. उजवीच्या वेळी मी रजेवर होते, हात सैल होता आणि जगाविषयी माझी काही तक्रार नव्हती. ओळी दोन्ही बाह्यांत बरोबर १३८ भरतात. मी त्या तीनदा मोजल्या आहेत. ओळी मोजता येतात, पण त्या विणताना रक्तदाब किती होता हे वहीत टिपून ठेवण्याची शिस्त मला अजून लागलेली नाही.

हा स्वेटर पुरा व्हायला सोळा महिने लागले. तेवढ्या काळात शेजारच्या घरी एक मूल जन्माला येऊन चालू लागले आणि त्याच्यासाठी मी विणायला घेतलेले पायमोजे त्याच्या अंगठ्यापुरते उरले. या सोळा महिन्यांतले निदान चार महिने वाचले असते, जर मी पहिल्या दिवशी नमुना विणला असता.

विणकाम न करणाऱ्यांसाठी सांगायला हवे. लोकरीच्या गुंड्याभोवती जी कागदी पट्टी असते, तिच्यावर सारे काही छापलेले असते. माझ्या पट्टीवर होते: वजन ५० ग्रॅम, लांबी १२० मीटर, सुया ४ मिलिमीटरच्या, आणि १० सेंटिमीटरच्या चौकोनात २२ टाके व ३० ओळी. हा शेवटचा आकडा म्हणजे कारखान्याने मनाशी धरलेल्या कुणा समंजस बाईचा हात. आपला हात तिच्यासारखा चालतो की नाही हे पाहण्यासाठी आधी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, तो धुवायचा, वाळवायचा आणि मग त्याच्या मधल्या भागातले टाके मोजायचे, असा नियम आहे. सासूबाई याच नियमाला ‘आधी वीतभर विणून बघ’ असे म्हणतात. नियम उत्तम आहे. परंतु नव्या लोकरीचे बारा गुंडे मांडीवर असताना चौकोनी तुकडा विणत बसणे म्हणजे सहलीची गाडी दारात उभी असताना मुलाला पाढे म्हणायला बसवणे होय. शिवाय मी मागच्या खेपेला नमुन्याशिवाय विणलेली टोपी भाच्याला अगदी बरोबर बसली होती. टोपीची किनार एक सुलट, एक उलट अशा ताणल्या जाणाऱ्या विणीची असते आणि ती भाच्याच काय, मध्यम आकाराच्या कलिंगडालाही बरोबर बसते, हा मुद्दा मी त्या वेळी सोयीस्करपणे विचारात घेतला नाही.

नवऱ्याच्या छातीचा घेर मोजून, त्यात थोडी ऐसपैस जागा धरून १०० सेंटिमीटर आला. दहाला बावीस, तर शंभराला दोनशे वीस. गणित चोख होते.

सुईवर २२० टाके घालणे हे हातांचे काम आहे. ते २२०च आहेत याची खात्री करून घेणे ही तपश्चर्या आहे, आणि तिच्यात विघ्न आणण्याची व्यवस्था खुद्द मराठी भाषेनेच करून ठेवली आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक दशकाच्या शेवटी एक ‘एकोण’ दबा धरून बसलेला असतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर: सारी मंडळी तोंडावळ्याने सारखी, नुसती आडनावे वेगळी. (नव्याण्णवाने तेवढी सभ्यता पाळली आहे, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.) तुम्ही ‘एकोण’ एवढे उच्चारले आणि नेमक्या त्याच क्षणी कुणी ‘माझा चष्मा कुठे आहे?’ असे विचारले, तर तोंडातला तो ‘एकोण’ तसाच लोंबकळत राहतो, आणि चष्मा विचारणाऱ्याच्याच कपाळावर आहे हे दाखवून परत यावे तोवर तो साठाचा होता की सत्तराचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एकदा मोजणीच्या मध्येच फोन वाजला. मी तो कानाला लावून ‘हॅलो’ऐवजी ‘एकशे त्रेचाळीस’ असे स्पष्ट उच्चारले. पलीकडच्या गृहस्थांनी ‘सॉरी, राँग नंबर’ म्हणून फोन ठेवला आणि खरोखरच तो नंबर राँग होता, कारण पुन्हा मोजले तेव्हा तिथे १४६ निघाले.

पहिल्या मोजणीत टाके २१८ भरले, दुसरीत २२३ आणि तिसरीत २२०. मी तिथेच थांबले. बहुमत झाले म्हणून नव्हे, तर हवा तो निकाल लागला म्हणून.

मग गोल सुईवर दोन्ही टोके जोडून विणायला सुरुवात केली. जोडताना टाक्यांची रांग सुईभोवती कुठे पिळली गेलेली नाही ना, हे पाहायचे असते. मी पाहिले होते. तरीही पाच ओळींनंतर असे लक्षात आले की हातातली वस्तू जमिनीवर सपाट पडायला तयार नाही. १८५८ साली मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांना, एकमेकांच्या नकळत, एकच बाजू असलेली पट्टी सुचली. पण ते निदान अर्ध्या पिळावर थांबले होते. माझ्या स्वेटरला पुरता एक पीळ होता. ज्याच्या धडाचा खालचा भाग पुढे आणि वरचा भागही पुढेच, पण मधला मागे तोंड करून आहे, अशाच माणसाला तो झाला असता. या पिळावर उसवण्याखेरीज कोणताही इलाज नाही. ११०० टाके उसवले, पुन्हा २२० घातले, पुन्हा ‘एकोण’ मंडळींची भेट घेतली. हे मी नुसते नोंदीसाठी सांगते आहे, कारण पुढे जे झाले त्याच्यापुढे हा किरकोळ अपघात होता.

ऐंशी ओळी झाल्या. सुलट टाका मला आवडतो. गोल विणताना तर तो एकटाच पुरतो, उलट टाक्याचे तोंडही पाहावे लागत नाही. संध्याकाळ झाली की मी विणत असे आणि सुयांखाली कापड वाढत असे. ते जरा जास्तच आडवे वाढते आहे, असे मनाच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी अधूनमधून म्हणत होते, पण त्या कोपऱ्याकडे मी पाठ करून बसत होते. शेवटी एका रविवारी सगळे टाके लांब दोऱ्यावर ओवून घेतले आणि नवऱ्याला उभे केले.

“जरा हात वर कर.”

त्याने हात वर केले. मी तो विणलेला घेर वरून खाली सोडला आणि तो छाती, पोट, कंबर यांपैकी कुठेही न थांबता थेट त्याच्या पायांशी जाऊन बसला. नवऱ्याने खाली पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“यात आणखी कुणी यायचं आहे का?” त्याने अत्यंत सौजन्याने विचारले.

मी मोजपट्टी लावली. १० सेंटिमीटरमध्ये टाके होते २०. फक्त दोन टाक्यांचा फरक! दोनशे विसांना विसाने भागून दहाने गुणले, तर घेर ११० सेंटिमीटर येतो. जो हिशेब चौथीतले मूल तोंडी करील, तो मला १७,६०० टाके विणून झाल्यावर कळला होता.

अशा वेळी माणूस लगेच सत्य स्वीकारत नाही. धुतल्यावर आटेल, असे मी म्हणाले. वास्तविक सैल विणलेली लोकर धुतल्यावर आणखीच सैलावते, आणि आटवायचीच म्हटली तर गरम पाण्यात घुसळावी लागते, म्हणजे तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून स्वेटरचा नमदा होतो. आत जाड शर्ट घातलास तर भरेल, असेही म्हणाले. शेवटी “वय वाढेल तसं माणसाचं अंग भरतंच,” असे जेव्हा बोलून गेले, तेव्हा नवऱ्याने दोन्ही हातांनी पोट झाकले आणि मला कळले की आता उसवणे भाग आहे.

माझा वेग मिनिटाला २५ टाक्यांचा. म्हणजे १७,६०० टाक्यांना, चष्मे शोधण्याचा वेळ वगळून, ११ तास ४४ मिनिटे लागली होती. उसवायला वीस मिनिटे पुरली. उसवण्याचा तो सळसळ आवाज ज्याने ऐकला असेल त्यालाच त्यातले दुःख कळेल. आणि खरे सांगायचे तर त्यात एक पापी सुखही असते, ओळीमागून ओळ निमूटपणे सुटत येते आणि एवढे आज्ञाधारक वर्तन विणताना कधीच पाहायला मिळालेले नसते. उसवलेली लोकर मात्र कुरळी होते, शिजवण्याआधीच्या नूडल्ससारखी. तिच्या लडी करायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, पिळून टांगायच्या आणि सरळ झाल्या की पुन्हा गुंडे करायचे. लडी धरायला नवरा होता. दोन्ही हात पुढे करून, कुणी बेड्या घालण्याची वाट पाहावी तसा तो दोन तास बसून होता.

त्या दोन तासांत त्याने मला विल्यम ली याची गोष्ट ऐकवली. १५८९ साली या इंग्रज धर्मोपदेशकाने मोजे विणण्याचे यंत्र बनवले हा इतिहास आहे, आणि ज्या मुलीवर त्याचे मन जडले होते ती त्याच्याशी बोलण्याऐवजी सदा विणतच बसे म्हणून त्याने ते बनवले, ही आख्यायिका आहे. नवऱ्याचा आख्यायिकेवर पूर्ण विश्वास आहे. “बिचारा,” असे म्हणून त्याने जो उसासा सोडला, तो चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसासाठी फारच ताजा होता.

पुन्हा सुरुवात केली ती ३.५ मिलिमीटरच्या सुयांवर. या वेळी तरी नमुना विणला का, असे विचारू नये. मी घाईत होते.

सुदैवाने २२ टाके आले. परंतु एकदा उसवलेल्या कामाविषयी मन थोडे विटते, आणि मध्ये मी जरा इकडेतिकडे रमले. एक शाल सुरू केली. पायमोज्यांच्या एका जोडीतला पहिला मोजा पुरा केला. दुसऱ्याला अद्याप मुहूर्त लागलेला नाही, कारण पहिला मोजा ही निर्मिती असते आणि दुसरा ही नक्कल. सासूबाईंनी एकदा माझी पिशवी उघडली, एकेक अर्धवट वस्तू बाहेर काढून पलंगावर मांडली आणि “एक ना धड, भाराभर चिंध्या,” एवढेच म्हणून सगळ्या वस्तू नीट घडी करून परत ठेवल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

याच काळात बाराव्या गुंड्याची मी एक बाळटोपी करून टाकली. अकरा पुरतील असे वाटले होते. ते पुरले नाहीत, हे गळ्याच्या पट्टीशी येऊन पोहोचल्यावर कळले. मग त्याच रंगाचा, त्याच क्रमांकाचा गुंडा आणला, पण तो रंगवला गेला होता वेगळ्या खेपेला. रात्री दिव्याखाली दोन्ही रंग तंतोतंत सारखे दिसले. सकाळी उजेडात पाहिले, तर स्वेटर निळा होता आणि गळा कशाने तरी घाबरून पांढरा पडू लागला होता.

शेवटच्या आठवड्यात एक टाका गळला. गळलेला टाका म्हणजे सुईवरून निसटलेला एक एवढासा फास असतो, आणि त्याच्या खाली त्याचेच पूर्वज उभे असतात; वरचा सुटला की खालचा सुटतो, त्याच्या खालचा सुटतो, आणि कापडात एक सरळ शिडी तयार होत जाते. माझ्या लक्षात आले तेव्हा तो नऊ ओळी उतरून गेला होता. नेहमी अंबाड्यात खोचलेली क्रोशाची बारीक सुई मी काढली, श्वास रोखला, तळाशी थरथरत असलेल्या त्या फासात सुईचे टोक घातले, त्याच्या डोक्यावरचा आडवा धागा पकडून फासातून ओढून घेतला आणि त्याला एक पायरी वर आणले. मग दुसरी, मग तिसरी. मी नवव्या पायरीवर असताना घरात कुणीही काहीही विचारले नाही. बहुधा माझा चेहराच तसा झाला असावा.

स्वेटर पुरा झाल्यावर सासूबाईंनी तो हातात घेतला. जाणती माणसे विणकामाची सुलट बाजू पाहतच नाहीत. त्यांनी स्वेटर उलटा केला, आत दडवलेली धाग्यांची टोके बोटांनी चाचपली, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून किंचित थांबल्या आणि काही न बोलता पुन्हा वेगळ्या केल्या.

“गळ्याला मुद्दाम फिका रंग घेतलास ते बरं केलंस. उठून दिसतो,” त्या म्हणाल्या.

“हो, मुद्दामच,” मी म्हणाले.

“आणि आधी वीतभर विणून बघितलं होतंस ना?”

“हो तर.”

नवरा छताकडे पाहत होता.

काल रात्री तो उजव्या बाहीची घडी घालून, तोच स्वेटर अंगात ठेवून दिव्याजवळ वाचत बसला होता. उजेड तिरपा पडत होता आणि त्या उजेडात, डाव्या खांद्याच्या चार बोटे खाली, सुलट टाक्यांच्या समुद्रात मला एक उलट टाका दिसला. एकच, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी उठून जवळ गेले.

“जरा काढतोस का? पाच मिनिटांत परत देते.”

त्याने पुस्तक मिटले, दोन्ही हातांची छातीवर घट्ट घडी घातली आणि म्हणाला, “आधी ती हातातली सुई खाली ठेव.”

मी सुई खाली ठेवली. अंबाड्यातली त्याला दिसली नाही.