कोणत्या देशाचं स्पॅनिश, ते आधी सांगा

कोकणातल्या एका काजूवाल्यांनी गेल्या महिन्यात पाकिटावरचा मजकूर माझ्याकडे भाषांतराला पाठवला. एक्सेल शीट, डावीकडे चाळीसेक इंग्रजी शब्द, उजवीकडे वर 'स्पॅनिश' लिहिलेला रिकामा रकाना. संध्याकाळपर्यंत हवं होतं. मी विचारलं, माल कुठे चाललाय? तर म्हणाले, "मॅडम, स्पॅनिशच पाहिजे, देशाचं काय त्यात?"

सगळं देशाचंच आहे हो त्यात.

काजूच बघा. स्पेनमध्ये आनाकार्दो. कोलंबियात मारान्योन, व्हेनेझुएलात मेरेय. अर्जेंटिनात कास्तान्या दे काहू, आणि त्यातला काहू म्हणजे आपलाच काजू. मूळ शब्द ब्राझीलकडच्या तुपी भाषेतला, पोर्तुगीजांनी झाडाबरोबर तोही गोव्यात आणला. आणि मेक्सिकोत म्हणतात नुएस दे ला इंदिया, म्हणजे साधारण 'भारतातला अक्रोड'! झाड तिकडून आपल्याकडे आलं आणि मेक्सिकोने त्याच्या बीला आपल्या देशाचं नाव दिलं. हे पाकीट मेक्सिकोलाच चाललं होतं. आनाकार्दो लिहिलं असतं तर कोशात बघून कुणी चूक काढली नसती, पण तिथल्या दुकानात ते पाकीट परकं दिसलं असतं.

बटाट्याचंही तसंच. लॅटिन अमेरिकेत पापा, हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेचा शब्द. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी पाताता. बटाटा हा आपला शब्द ओळखीचा वाटेल म्हणून कुणी ब्यूनोस आयर्समध्ये 'बाताता' मागितला, तर हातात रताळं पडेल.

मला खरा राग येतो तो आपल्याकडच्या शिकवण्याचा. मी जिथे शिकले तिथे स्पेनबाहेरचा शब्द लिहिला की खाली लाल रेघ. 'बस पकडणे' म्हणजे कोहेर एल आउतोबुस, हे घोकून घेतलं. स्पेनमध्ये अगदी साधं वाक्य. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात कोहेर हे चक्क शिवराळ क्रियापद आहे. ज्या मुली पुढे पुण्यात बसून मेक्सिकोच्या ग्राहकांशी फोनवर बोलणार, त्यांना हे वर्गात कुणी सांगत नाही. मेक्सिकोत साध्या बसला कामियोन म्हणतात, इतर बऱ्याच ठिकाणी कामियोन म्हणजे ट्रक. क्यूबात बसला ग्वाग्वा, आणि चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. यातलं चूक काहीच नाही. माद्रिदची १७१३ सालची स्पॅनिश भाषेची अकादमीसुद्धा आता अशा शब्दांना चूक मानत नाही. तिने आणि लॅटिन अमेरिकेतल्या अकादम्यांनी मिळून २०१० मध्ये तिकडच्या स्पॅनिश शब्दांचा वेगळा जाडजूड कोश काढला. आपल्या वर्गांत मात्र अजून लाल रेघ.

'न्यूट्रल स्पॅनिश करून द्या', म्हणजे कुठल्याच एका देशाचं न वाटणारं, असंही सांगतात. प्रिंटरच्या माहितीपत्रकाला ते चालतं, मीही करते. पण ज्यूसच्या डब्यावरच्या स्ट्रॉला काय करणार? मेक्सिकोत पोपोते, स्पेनमध्ये पाहिता, कोलंबियात पितिय्यो, पेरूत सोर्बेते, चिलीत बोंबिय्या. स्पेनमध्ये पितिय्यो म्हणजे सिगारेट आणि बोंबिय्या म्हणजे विजेचा दिवा. लहान मुलांच्या डब्यावर यातला कुठला शब्द 'न्यूट्रल' म्हणून छापायचा? माझं ठाम मत आहे की खाण्यापिण्याच्या, कपड्यांच्या आणि औषधांच्या वस्तूंवर, म्हणजे जे माणूस हातात धरून वाचतं त्यावर, त्याच्या घरातलाच शब्द हवा. त्यासाठी तिथल्या माणसाला दाखवून घ्यावं लागतं, एक दिवस जास्त लागतो, थोडे पैसे जास्त लागतात. ते मागायला मी आता संकोचत नाही.

त्या शीटमध्ये मी 'स्पॅनिश' खोडून 'मेक्सिको' लिहिलं, मेक्सिकोतल्या एका मैत्रिणीकडून यादी वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पाठवली. परवा त्यांचा फोन आला. पुढच्या हंगामात चिलीला माल पाठवायचा विचार आहे म्हणाले, आणि या वेळी त्यांनीच विचारलं, "मॅडम, तिकडे काजूला काय म्हणतात?"