लावणी आहे, पाय नाहीत!

मला एक सांगा, लावणीत पाय कशाला लागतात? नाही, खरंच विचारतोय. कारण ९९९ रुपये मोजून आईच्या वाढदिवसाला जी डीव्हीडी मागवली (कुरिअरवाल्याने ती शेजाऱ्यांच्या शूरॅकमध्ये कोंबली, तो वेगळा विषय), तिच्यात बाई जीव तोडून नाचतायत, ढोलकी कडाडतेय, घुंगरू वाजतायत आणि गुडघ्याच्या खाली काही नाहीच! वर बघावं तर शाहिराचा फेटा गायब. माणूस भुवयांपासून सुरू होतो.

कव्हरवर मात्र सोनेरी अक्षरात 'डिजिटली रीस्टोअर्ड, आता वाइडस्क्रीनमध्ये!' अरे कसली वाइडस्क्रीन, पन्नासच्या दशकातला कृष्णधवल तमाशापट आहे तो, ४:३ मध्येच (जवळजवळ चौकोनी चौकटीत) काढलाय, त्याला १६:९ (आजच्या रुंद टीव्हीच्या मापाचा) करायचं म्हणजे वरखालून कापायचं, सरळ पाव चित्र केरात. शिंप्याने पायजमा आखूड शिवला म्हणून गिऱ्हाइकाचे पाय छाटावेत तसं. आणि वर ते कव्हरवर मिरवायचं! बाजूला दोन काळे पट्टे दिसले तर कुणाच्या बापाचं काय जातं?

बरं, राहिलंय ते तरी धड? ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मवरचे बारीक दाणे, काढायच्या नादात चेहरे मेणाचे करून टाकलेत, सगळ्या कलाकारांना एकच फेशियल. आणि उजव्या कोपऱ्यात एक धुरकट ठिपका हलायलाच तयार नाही. आधी वाटलं टीव्हीवर डाग आहे, उठून ओल्या फडक्याने पुसला. दोनदा. मग ट्यूब पेटली, कुठल्यातरी चॅनलचा लोगो घासून पुसट केलाय. म्हणजे रीस्टोअर काय केलंय, तर टीव्हीवरून उतरवून घेतलेलं!

आणि हे काय आजचं नाही हो. व्हीसीडीच्या जमान्यात एक सिनेमा तीन तबकड्यांवर यायचा, तिसरी हमखास क्लायमॅक्सला अडकायची, मग ती बनियनला पुसून परत घालायची. पायरसी करू नका ही सूचना फॉरवर्ड होत नाही, म्हणजे ज्याने पैसे दिले त्यालाच दर वेळी दम. चोराला बिचाऱ्याला थेट सिनेमा. एका डीव्हीडीत गाणीच उडवलेली. संगीतप्रधान सिनेमाची!! सबटायटल्सबद्दल मी बोलतच नाही, 'पाटील' चं 'मिस्टर पॅटल' झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तिकडे सत्यजित राय यांच्या पथेर पांचालीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या, तरी लोकांनी त्यातल्या शक्य तेवढ्या फ्रेम वाचवून २०१५ ला ४के (एकदम बारीक तपशिलाचा डिजिटल) करून दाखवला. मावसभावाने अमेरिकेतून तो ब्लू-रे आणला, मी हात धुऊन, टॉवेलला पुसून डिस्क घातली, तर प्लेयर म्हणतो चालणार नाही, ती रीजन ए, आपण रीजन सी (डिस्क ज्या भागासाठी काढली, तिथल्याच प्लेयरवर चालणार). आपलाच सिनेमा, आपल्याच घरात परदेशी. आणि आपल्याकडे? पुण्यात २००३ च्या आगीत प्रभात फिल्म कंपनीचे नायट्रेट प्रिंट (चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मचे) गेले. जे जळलं ते जळलं बाबांनो, जे राहिलंय त्याचे पाय तरी कापू नका!

तर रात्री साडेअकराला कस्टमर केअरला मेल ठोकला. सव्वादोन पानी. त्यात आस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) समजावला, आकृती काढली, 'आपण महाराष्ट्राच्या संस्कृतीचे मारेकरी आहात' असं एक वाक्य आहे, ते तेव्हा फार भारी वाटलं होतं. सेंड केला आणि भाचा सोफ्यावरून म्हणतो, "मामा, हा टीव्ही झूमवर आहे." वर्ल्ड कपच्या वेळी स्कोअर मोठा दिसावा म्हणून कुणीतरी केलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच. त्याने बटण दाबलं, फेट्याचं एक टोक आलं, पाय पोटरीपर्यंत आले. पुढे नाही. म्हणजे पोटरीच्या खालचं पाप कंपनीचंच आहे, लिहून ठेवा, पण गेले आठ महिने आमच्या घरात सगळे जण अर्ध्या डोक्याच्या बातम्या बघत होते आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

हे सगळं होईपर्यंत आई गप्प. मग म्हणाली, "अरे, हा पिक्चर माझ्या फोनवर आहे की." चष्मा लावला, दोन मिनिटांत शोधून काढला. खरखरीत प्रिंट, मध्ये कुकरची जाहिरात, पण चौकोनी. फेटा पूर्ण, पाय पूर्ण, पायातले चाळसुद्धा मोजता येतील असे.

मी रिमोट घेऊन उभाच होतो. म्हणाली, "तो टीव्ही बंद कर ना जरा, स्क्रीनवर उजेड येतोय."