म्हातारा डिफेंडर विकला? आधी दोन पोस्ट लिहून ठेवा

तुमच्या फुटबॉल टीमने जुना सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधला डिफेंडर, विकला ना, मग आज झोपायचं नाही, निकाल रात्रीच लागला पाहिजे. पहिली पोस्ट: "निष्ठेला किंमतच नाही राव या क्लबमध्ये." दुसरी: "वेळेत काढला, याला म्हणतात दूरदृष्टी." दोन्ही ड्राफ्टमध्ये टाका. कुठली आपली खरी मतं होती ते मे महिन्यात टेबल बघून ठरवू.

तोपर्यंत "पाय जड झालेत त्याचे" एवढं म्हणत राहा. तो बावीसाव्या वर्षीही हळूच पळायचा, पोझिशन बघून खेळायचा, पण हे आपल्याला तेहतीसाव्या वर्षीच दिसायला हवं.

पहिल्या पोस्टवर कुणी वाद घातलाच तर मँचेस्टर युनायटेडचा डिफेंडर याप स्टॅम काढा. २००१ मध्ये मॅनेजर फर्ग्युसनने त्याला इटलीच्या लाझिओला विकला, वय २९, आणि जागी आणला कोण तर ३५ वर्षांचा लोराँ ब्लाँ! युनायटेड त्या सीझनला तिसरी आली, स्टॅम पुढे मिलानकडून २००५ ची चॅम्पियन्स लीग (युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा) फायनल खेळला आणि चूक झाली हे खुद्द फर्ग्युसनने नंतर कबूल केलं. (त्या फायनलला मिलान ३-० आघाडीवरून हरली हे सांगायची काही गरज नाही.)

दुसऱ्या पोस्टच्या बाजूला असाल तर रेआल माद्रिदचा कॅप्टन, डिफेंडर रामोस. २०२१ ला रेआलने एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे केलं, त्याला दोन हवी होती, तो हो म्हणेपर्यंत ऑफरची मुदत संपलेली. त्याच उन्हाळ्यात त्याचा जोडीदार वरानही गेला, सगळे म्हणाले आता डिफेन्स संपला, आणि पुढच्या सीझनला मिलिताओ-अलाबा या डिफेंडर जोडीला घेऊन यांनी लीगही मारली आणि चॅम्पियन्स लीगही. झाली की नाही दूरदृष्टी!

फक्त थियागो सिल्वाचं नाव काढू नका, दोन्हीकडून अडकाल. पॅरिसच्या पीएसजीने २०२० ला ३५ वर्षांच्या डिफेंडर सिल्वाला फुकट जाऊ दिला, तो चेल्सीत गेला आणि पुढच्याच मेमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला. मग पीएसजीने काय केलं? ३५ वर्षांचा रामोस आणला, जो पहिला सीझन बहुतेक दुखापतीतच होता.

कॉन्ट्रॅक्ट किती उरलं होतं, पगार किती, गुडघ्याचा एमआरआय काय म्हणतो, मागे तयार पोरगा आहे का, असलं विचारणाऱ्याला सरळ ब्लॉक करा, मजा घालवतात ही माणसं.

आणि तोच डिफेंडर नव्या टीमकडून येऊन आपल्याच ग्राउंडवर कॉर्नरला हेडर मारून गेला तर घाबरू नका, त्याने सेलिब्रेशन केलं नाही तर "क्लास माणूस", केलं तर "गद्दार", आणि त्याच्या जागी आलेल्या पोराला दोन्ही केसमध्ये शिव्या, त्याला मार्क करायचं काम आपल्या स्ट्रायकरचं होतं तरी.