हरवलेल्या पुस्तकांचा हिशोब

परवा लेकीच्या शाळेत पालकसभा होती. वर्गाबाहेर ही रांग, म्हणून लायब्ररीत डोकावले. काचेची कपाटं, प्रत्येकाला कुलूप. आत पुस्तकं खाकी कव्हरं घालून प्रार्थनेला उभी असल्यासारखी. काचेवर बोटांचे ठसे होते, तेही खालच्या दोन फळ्यांसमोर. म्हणजे पहिली-दुसरीची मुलं नाक लावून बघून जातात!

ग्रंथपाल बाई मराठीच निघाल्या, दांडिया बाजारातल्या. (मुलं त्यांना 'बेन'च म्हणतात, बडोदंच आहे शेवटी.) कुलूप का, विचारलं तर म्हणाल्या, "अहो ताई, मार्चमध्ये मोजणी होते. गेल्या वर्षी चार पुस्तकं कमी आली, त्यांचे पैसे मी भरले. यंदा पुन्हा कोण भरणार?"

आता सांगा, या बाईंनी मुलांना वाचनाची गोडी कशी लावायची? वरून फर्मानं येतात, वाचन सप्ताह करा, घोषवाक्यं लावा, मुलांकडून सारांश लिहून घ्या. शिवाय कुणी शिक्षक रजेवर असला की यांनाच वर्गावर पाठवतात. माझं म्हणणं एवढंच आहे, आधी ग्रंथपालाला पुस्तक हरवायची मुभा द्या. बाकीचं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

हे मी हवेत बोलत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत ही मुभा लिहिलेली आहे. वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ झाली, तर ते रास्त धरावं. फक्त त्यात लबाडी किंवा हलगर्जी नको. त्यातली गंमत बघा. हजार धरायचे ते वाचायला दिलेल्या पुस्तकांचे, कपाटातल्या नव्हेत. म्हणजे जितकी पुस्तकं फिरवाल तितकी सूट जास्त, आणि कुलूप लावून बसाल तर सूट शून्य! खासगी शाळेला हा नियम लागू नाही, मान्य. पण सरकारी तिजोरीला जे सोसतं, ते आपल्या ट्रस्टींना का सोसू नये?

आणि हे बडोद्यात सांगावं लागतंय. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणवले. मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय तर आहेच (तिथल्या काचेच्या फरशीवर पाय ठेवायला मी लहानपणी भ्यायचे, बाबा हात धरून न्यायचे), पण मला जास्त अप्रूप फिरत्या वाचनालयांचं वाटतं. पेट्यांत पुस्तकं भरून राज्यातल्या खेड्यापाड्यांत जायची. वाटेत काही भिजली असतील, काही कुणाच्या माळ्यावर राहिली असतील. तरी पेट्या जात राहिल्या. आणि आमच्या शाळेत पुस्तक तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरत नाही.

तीच पेटी प्रत्येक वर्गात ठेवा ना. तीसेक पुस्तकं, महिन्याने पेटी बदलायची, नोंदवही मुलांनीच सांभाळायची. बेननी आठवड्यातून एकदा येऊन दहा मिनिटं मोठ्याने वाचावं आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटून पेटीत टाकावं. मग बघा झुंबड. सारांश मात्र कुणाला मागू नये. माझी लेक प्राण्यांचं एक जाडजूड पुस्तक शेवटच्या पानाकडून वाचते, मधली पानं गाळते. मराठी वाचताना 'ळ' आला की क्षणभर अडते, कारण हिंदीच्या पुस्तकात तो दिसत नाही. मग गुजरातीतला 'ळ' आठवून पुढे जाते. वाचू दे तशीच. सारांश लिहायला लावला असता तर ते पुस्तक तिने पलंगाखाली ढकललं असतं.

नियमाची प्रत जोडून मी ट्रस्टींना पत्र दिलंय. उत्तर नाही. बेननी मात्र कुणाला न विचारता खालच्या दोन फळ्यांचं कुलूप काढलं. आठवड्यात दोन पुस्तकं बेपत्ता. त्यातलं एक काल परत आलं, पानांत खाखऱ्याचा चुरा आणि विसाव्या पानावर तेलकट अंगठा. मार्चला दुसऱ्याचे पैसे मी भरणार, असं बेनना सांगून ठेवलंय.