‘गटारं कोण उपसणार?’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाव लिहिलेलं नाही तुम्ही, त्यामुळे नुसतंच नमस्कार. कॉमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला आणि दुसऱ्यांदा वाटलं की निम्मी तरी बरोबर आहे. मागची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी सुरुवातीच्या कम्युनिस्ट विचारवंतांनी पुढच्या समाजाचं काय चित्र काढलं होतं त्यावर लिहिलं होतं आणि तुमचं म्हणणं असं की ही सगळी खुर्चीत बसून पाहिलेली स्वप्नं, सगळ्यांना सारखे कपडे, एका पंगतीत जेवण, थोडक्यात मिलिटरीची बराक, आणि गटारं कोण उपसणार हा साधा प्रश्न यांच्यातल्या एकालाही पडला नाही.

बराकीचं मान्य. एत्येन काबे या फ्रेंच कम्युनिस्टाने 1840 मध्ये इकारिया नावाच्या काल्पनिक देशाची कादंबरी छापली, त्यात काय खायचं याची यादी कमिटी ठरवते आणि कपडेसुद्धा ठरवून दिलेले. फ्रान्समधल्या कामगारांना ती इतकी आवडली की 3 फेब्रुवारी 1848 ला 69 जण ल हाव्र बंदरातून थेट टेक्ससला निघाले, इकारिया उभारायला (आणि तीन आठवड्यांत मागे पॅरिसमध्येच क्रांती झाली, याला म्हणतात नशीब). टेक्ससमध्ये मलेरियाने हाल झाले, मग इलिनॉयमधल्या नॉवू गावात वस्ती बसली, तिथे काबेने तंबाखू आणि दारू बंद केली, भांडणं वाढली आणि 1856 मध्ये बहुमताने खुद्द काबेलाच बाहेर काढलं. त्याच वर्षी सेंट लुइसला गेला बिचारा. पण खुर्चीत बसून म्हणू नका हो, हा माणूस साठीला आल्यावर समुद्र ओलांडून स्वतःच्या कादंबरीत राहायला गेला होता!

आता गटारं. इथे मात्र तुम्ही साफ चुकलात. शार्ल फुरिए या काबेच्याच काळातल्या फ्रेंच विचारवंताला तर हाच प्रश्न छळत होता. त्याचं उत्तर ऐका: लहान पोरांना चिखलात लोळायला आवडतंच, तर त्यांच्या टोळ्या करा, छोट्या घोड्यांवर बसवा, घाणीचं काम त्यांना द्या आणि गावात सगळ्यात मोठा मान त्यांचाच ठेवा. वाचून हसू येतं, पण कामाची किळस आणि काम करणाऱ्याची किळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कळलं होतं. आपल्याकडच्या वाचकाला इथे खटकणार, खटकायलाच पाहिजे, कारण ‘ज्याला आवडतं तो करेल’ याचं आपल्याकडे ‘ज्याच्या बापाने केलं तो करेल’ व्हायला वेळ लागत नाही, बाबासाहेबांनी 1936 मध्येच लिहून ठेवलंय की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. मी चाळीत वाढलो. कॉमन संडास धुवायची पाळी ठरली होती आमच्या मजल्यावर, कागद लावला होता भिंतीला. तीन आठवडे चालली. मग महिन्याच्या पगारावर एक माणूस ठेवला.

आणि पंगतीचं म्हणाल तर तुम्ही थट्टेत बोललात पण मुद्दा खरंच तिथे आहे, कारण या लोकांचं सगळ्यात जास्त डोकं कारखान्यावर नाही तर चुलीवर चाललेलं दिसतं. फेब्रुवारी 1845 मध्ये चोवीस वर्षांचा एंगेल्स, मार्क्सचा जोडीदार, जर्मनीतल्या एल्बरफेल्ड गावात भाषण देतो, समोर गावातले पैसेवाले आणि दुकानदार, कामगार सोडून सगळे, आणि हा त्यांना सांगतो की घरोघरी वेगळा स्वयंपाक म्हणजे जागा, जिन्नस, मेहनत सगळ्याचीच नासाडी, एकत्र केला तर त्यातली दोन तृतीयांश माणसं सहज मोकळी होतील. घरोघरी मातीच्या चुली ही आपली म्हण म्हणजे याच्या दृष्टीने तक्रारच! पुढे जर्मन समाजवादी पुढारी बेबेल स्त्रियांवरच्या 1879 च्या पुस्तकात तेच म्हणतो, घरातला खाजगी स्वयंपाक आता छोट्या कारागिराच्या वर्कशॉपसारखा जुनाट झालाय.

पण हे कागदावर. रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश समाजवाद्याने अमेरिकेत बसवलेल्या न्यू हार्मनी या सामायिक वस्तीत, 1825 ते 27, बायकांनी लिहिलेली पत्रं आहेत, त्यांची तक्रार काय तर वस्तीचं काम केलंच पण घरचंही सुटलं नाही. चूल एक झाली तरी तिच्यापुढे बसणारी बाई तीच. तुम्ही हा मुद्दा मांडला असतात तर मी गप्प बसलो असतो.

मार्क्सबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘त्याने सोयीस्करपणे काहीच सांगितलं नाही.’ अगदीच काही नाही असं नाही. 1845-46 च्या हस्तलिखितात ते सकाळी शिकार, दुपारी मासेमारी, संध्याकाळी गुरं, जेवण झाल्यावर टीका असं प्रसिद्ध वाक्य आहे (या दिवसात झाडलोट कधी, ते नाही). 1875 मध्ये गोथा कार्यक्रमावर, म्हणजे जर्मन कामगार पक्षाच्या जाहीरनाम्यावर, लिहिताना जरा हिशोबाने बोलतो, की सुरुवातीला जेवढे तास काम केलं त्याची चिठ्ठी मिळेल, ती दाखवून वस्तू घ्यायच्या, आधी शाळा, दवाखाने आणि काम न करू शकणाऱ्यांचा वाटा बाजूला काढून, आणि गरजेप्रमाणे मिळणं हे खूप नंतर. पण 1873 मध्ये ‘भांडवल’च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या मजकुरात टीकाकारांना म्हणतो की भविष्यातल्या खानावळींसाठी मी रेसिपी लिहून ठेवलेल्या नाहीत. मला वाटतं ही थट्टा त्याला महागात पडली, त्याला नाही, त्याच्यानंतरच्यांना, रेसिपी नसलेल्या खानावळीत मग जो आचारी पुढे येईल त्याचंच खावं लागतं. इथे मी तुमच्या बाजूला आहे.

एक चूक माझीसुद्धा. पोस्टमध्ये मी फुरिएला सरसकट कम्युनिस्ट म्हटलं होतं. तो नव्हता, खाजगी मालमत्ता ठेवायला तयार होता, नफ्याचे बारा भाग करून पाच श्रमाला, चार भांडवलाला, तीन हुशारीला देणारा माणूस. तेवढं वाक्य आज दुपारी बदललंय. पुढच्या वेळी नाव लिहा, भांडायला बरं पडतं.