ऊब विकत घेणे आहे

सोलापुरात मार्च उजाडला की माणूस माठ, ताक आणि वाळ्याचे पडदे यांवर पैसे खर्च करू लागतो. अशा गावात उष्णता विकत घेण्यासाठी बाजारात हिंडणारा इसम आढळला, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे, असे आमच्या आईचे मत आहे. परंतु तो इसम तिच्याच पोटी जन्मलेला असल्यामुळे तिने हे मत घराबाहेर जाऊ दिले नाही. "लेका, सोलापुरात राहून ऊब विकत घेतोस होय?" एवढेच ती म्हणाली आणि खुडूक झालेल्या, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, तांबड्या कोंबडीला दाणे टाकायला परसात गेली.

मी एका उबवणी केंद्रातून एक दिवस वयाची कोंबडीची पंचवीस पिल्ले आणली होती. उबेसाठी पिल्लामागे साधारण २ वॅट असा हिशेब असतो, म्हणून साठ वॅटचा पिवळा बल्ब घेण्यास मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पुढे केलेल्या एलईडी दिव्याचा सर्वांत मोठा गुण असा सांगितला, की तो अजिबात तापत नाही. मला तापणाराच दिवा हवा आहे, उजेड पडला नाही तरी माझी तक्रार राहणार नाही, असे मी सांगितल्यावर त्याने माझ्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि माळ्यावरच्या धुळीतून एक जुना बल्ब काढून दिला.

मागच्या पत्र्याच्या खोलीत मी भाताचे तूस पसरले, त्यावर वर्तमानपत्रे अंथरली आणि भोवती पत्र्याचे गोल कडे उभे केले. कडे गोलच हवे, कारण कोपरा सापडला की पिल्ले त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यावे, हा नियम पुण्याच्या मेहुण्याने मला फोनवर तीनतीनदा म्हणून दाखवला. त्याने पिल्ले कधी पाळलेली नाहीत, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास अभंग आहे.

नियम उत्तम होता. तो सोलापूरच्या पत्र्याला ठाऊक नव्हता इतकेच. दुपारी खोली बल्बावाचूनच ३५ अंश ओलांडत असे आणि पिल्ले कड्याला चिकटून, चोची वासून धापा टाकत असत. मी बल्ब बंद करून खिडकीला ओले पोते लावी. संध्याकाळी वारा सुटला की तीच मंडळी बल्बाखाली गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या तिकिटासाठी उसळावी तशी गर्दी करत. मग पोते काढणे, बल्ब लावणे, तो वीतभर खाली घेणे आणि कड्यावर चादर टाकणे असा क्रम सुरू होई. भौगोलिक मानांकन मिळालेली, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली आमची सोलापुरी चादर या कामी आल्याचे सौभाग्यवतींना सकाळी कळले, आणि त्यानंतरचे काही तास घरात ऊब भरपूर होती.

माझी पिल्ले येण्याच्या आधीपासूनच परसातल्या टोपलीत तांबडीचे काम कोणत्याही तापमापकाविना चालले होते. एकवीस दिवस ती आईने ठेवलेल्या अंड्यांवर बसली. दिवसातून एकदा उठून दाणा खाई, पाणी पिई, राखेत अंग घोळून घेई आणि माझ्यावर एकदा धावून येऊन परत जाई. खुडूक कोंबडीच्या छाती-पोटाची पिसे गळतात आणि उघडी कातडी थेट अंड्यांना टेकते, हे मी वाचले होते. चोचीने ती अंडी दिवसभर फिरवत राहते, हे टोपलीजवळ बसून पाहिले. बल्बाची आणि तिची तुलना करताना लोक उष्णतेचीच तुलना करतात, हे मला पटत नाही. उष्णता देणे हा त्या व्यवसायातला सर्वांत सोपा भाग आहे. दुपार तापली की ती अर्धवट उभी राहून अंगाखाली वारा खेळू देते आणि गारवा आला की पुन्हा पसरून बसते, हा खरा भाग आहे. आणि आमच्या घरी बल्बाच्या वतीने हे उठणे-बसणे मी करत होतो.

तिची नऊ पिल्ले बाहेर पडली आणि माझी पिल्ले आली, ती एकाच सुमारास. दुसऱ्याच रात्री वीज गेली. मी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून कड्यात ठेवत असताना आई अंधारात आली, माझ्या देखत सहा पिल्ले उचलून ओच्यात घातली आणि एकेक करून तांबडीच्या पंखाखाली सरकवली. कोवळी पिल्ले अशी काळोखात दिली, तर खुडूक कोंबडी त्यांचा गाजावाजा करत नाही. सकाळी तिने पंधराही आपलीच मानली, आणि उरलेल्या एकोणिसांनी मला.

लासोटा लशीचा दिवस आला, तेव्हा मात्र बल्बाची बाजू वरचढ ठरली. कोंबड्यांना होणाऱ्या राणीखेत रोगाची ही लस बर्फात आणावी लागते आणि थेंब पिल्लाच्या डोळ्यात टाकावा लागतो. माझी एकोणीस पिल्ले शांतपणे रांगेतून गेली. तांबडीच्या पंधरांना लस देताना माझ्या मनगटावर तिने जे कोरले, ते अजून वाचता येते. शिवाय हिशेबही सांगितला पाहिजे. पिल्ले सांभाळताना ती कित्येक आठवडे अंडे देत नाही, आणि ज्याला शेकड्यांनी पिल्ले वाढवायची आहेत त्याने एवढ्या खुडूक कोंबड्या आणायच्या कुठून? व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंडी देणाऱ्या जातींमधून तर माणसाने खुडूक होण्याची सवय निवड करकरून जवळजवळ नाहीशी केली आहे. मेहुण्याने हे सगळे ऐकून "मी तेच म्हणत होतो" असे म्हटले; तो तसे काहीही म्हणत नव्हता.

पुढे पिल्ले अंगणात आली. घार दिसताच तांबडी एक विशिष्ट आवाज काढी आणि पंधरा पिल्ले क्षणात जास्वंदीखाली नाहीशी होत. माझी एकोणीस तिथेच उभी राहून आकाशातला तो नवा प्रकार कुतूहलाने न्याहाळत, त्यामुळे तो आवाज काढण्याचे कामही माझ्याकडे आले. दीड महिन्याने तांबडीने पिल्लांना टोचून टोचून स्वतंत्र केले. मला ते जमले नाही. संध्याकाळ झाली की माझी मंडळी ओसरीवरच्या दिव्याखाली जमून उबेची वाट पाहत, आणि तो दिवा एलईडीचा होता.

यंदा फेब्रुवारी संपता संपता शेजारच्या आक्का आल्या. तांबडी पुन्हा खुडूक झाल्याचे त्यांनी भिंतीपलीकडून ऐकले होते. "मावशी, कोंबडी वाट्याने देता का? अंडी माझी, पिल्ले निम्मी निम्मी," त्यांनी विचारले.

"तांबडी नाही मिळायची, आक्का," आई म्हणाली. "बल्ब पडून आहे, तो न्या. आणि रात्री उठायला माणूस लागतो, तर हा आहेच की मोकळा."