‘एसआयडी पुरतो’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर. ऑरॅकल डेटाबेस आपली सेशनं (एकेक चालू जोडणी) कशी ओळखतो, एसआयडी हा सेशनचा नंबर अन् सिरियल नंबर हा त्याच्या जोडीचा आकडा, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “सेशन ओळखायला एसआयडी पुरतो. सिरियल नंबर ही मुलाखतीपुरती घोकंपट्टी. मायएसक्यूएलचं भागतंच की एका आकड्यावर. गावाकडं बसून लिहिणाऱ्यानं प्रॉडक्शन पाहिलेलं दिसत नाही. ऑडसिड अन् कनेक्शन पूलिंगचं तर नावही नाही.”

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं बरोबर. तिथला कनेक्शन आयडी वाढत जातो, त्याला जोडीदार लागत नाही. हे मान्य.

पण “गावाकडं बसून”? दर्यापूर तालुक्यात राहतो म्हणून ऑरॅकल माझ्याशी वेगळं वागते काय बाप्पा? पुण्यात रात्रपाळ्या करून, ऑन-कॉलचे फोन उचलून मग घरची शेती पाहायला परत आलो. काम आजही तेच करतो, लाइट गेली की इन्व्हर्टरवर. मुद्दा खोडा ना सर, पत्ता कशाला काढता?

आता तुमचं ते पहिलं वाक्य. ऑरॅकलमध्ये सेशन संपलं की त्याचा एसआयडी मोकळा होतो अन् पुढच्या कोणालाही मिळतो. बाजार समितीत काल १७ नंबरचं टोकन एकाच्या गाडीला होतं, आज दुसऱ्याच्या. तारीख नसेल तर कापूस कोणाचा ते काट्यावरच्या माणसानं कसं सांगायचं? सिरियल नंबर त्यासाठीच आहे. सेशन बंद करायची ‘ऑल्टर सिस्टिम किल सेशन’ ही आज्ञा दोन्ही आकडे मागते ते काय घोकंपट्टी तपासायला? पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसच्या लॉगमधला सेशन आयडीसुद्धा प्रोसेस सुरू झाल्याची वेळ अन् पीआयडी (प्रोसेसचा नंबर) जोडूनच बनतो.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं सेशन बंद करणारं ‘किल’ मात्र एकाच नंबरवर चालतं. त्याचा प्रसाद मी पाहिलाय. एका नोकरीत सहकाऱ्यानं यादीत अडकलेलं ५७ नंबरचं सेशन हेरलं, चहाला गेला, येऊन ‘किल ५७’ मारलं. तोवर ते सेशन आपोआप संपलं होतं अन् ५७ नंबर पगाराच्या जॉबला लागला होता. रोलबॅक (अर्धवट राहिलेलं काम मागं फिरवणं) संपेस्तोवर मी तिथं बसून होतो. तेव्हापासून लॉगिन टाइम पाहिल्याशिवाय मी किल देत नाही. हे प्रॉडक्शन, म्हणजे खरंखुरं चालू काम, नव्हतं तर काय होतं, ते तुम्हीच सांगा.

ऑडसिड (ऑडिटसाठी सेशनला मिळणारा नंबर) म्हणता, तर सिस (ऑरॅकलचा मुख्य ॲडमिन युजर) म्हणून लॉगिन केलेल्या सेशनांचा ऑडसिड बघा: सगळ्यांना ४२९४९६७२९५. घ्या ओळखून!

पूलिंगचं, म्हणजे थोडीच सेशनं अनेकांनी वाटून वापरायचं, म्हणाल तर एका सेशनमागं दहा माणसं असोत, तो ॲप्लिकेशनवाल्यांचा प्रश्न. माझा लेख डेटाबेस सेशन कसं ओळखतो यावर होता, त्यामागचा माणूस कोण यावर नव्हता. त्यात मी शिरत नाही.

एखाद्या वर्दळीच्या टेस्ट सर्व्हरवर काही वेळा लॉगआउट-लॉगिन करा अन् दोन्ही आकडे लिहून ठेवा. क्वेरी लेखाच्या शेवटी दिलेली आहे, तिथवर वाचलं असतं तर दिसली असती.